खाऱ्या पाण्याची होडी गोदावरीत

मी एक होडी. जन्मानं कोकणातली, खाऱ्या पाण्याची. सध्या मुक्काम बिलोली तालुक्यात, गोदावरीकाठी. हसा खुशाल, मलाही हसू येतं.

खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं. तिथली सगळी वस्तीच समुद्रावर जगायची. पुरुष जाळी टाकायचे, बायका मासळी वाळवायच्या, म्हातारे फाटकी जाळी सांधत बसायचे. मला वाटायचं, हा सगळा पसारा माझ्याच जिवावर चाललाय! मग मालकानं फायबरची होडी आणली आणि मला माडाखाली उपडी घातली. कुणाचं काही अडलं नाही.

नांदेडकडचा वैजनाथ भोई तिथं खलाशी म्हणून राबायचा. गावी परतताना त्यानं मला मागून घेतलं, ट्रकवर चढवलं. लातूरला चहासाठी थांबलो, तर एक आजोबा मला निरखून म्हणाले, "मागं पाण्याची रेल्वे आल्ती, आता व्हडी आली. पानी कवा येनार हाय?"

गावी आले तर नदी आटलेली. काठावर पडून माझ्या फळ्यांना भेगा पडल्या. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. त्यांना मी वादळांच्या बाता ऐकवायची. दुकानदार शरणप्पा तर माझ्या मासळीच्या वासानं नाक धरूनच जायचे.

पावसाळ्यात पुरानं गावाला वेढा घातला. नेमक्या शरणप्पांच्या सुनेला, अंबिकाला, कळा सुरू झाल्या. दवाखाना पलीकडं. शरणप्पा धावत आले. "वैजनाथ, व्हडी काढ रे बाबा!"

"मामा, लई गळती हाय हिला."

"गळू द्या," वैजनाथची बायको सिंधू म्हणाली. "म्या पानी उपसते."

तिनं लुगडं फाडून भेगांत बोळे कोंबले. आम्ही निघालो. स्वतःला समुद्राची लेक म्हणवणारी मी पहिल्याच भोवऱ्यात गरगरले! वैजनाथनं बांबू रोवून मला सावरलं. सिंधू घमेल्यानं पाणी फेकत राहिली. अंबिका माझी कड धरून कण्हत होती आणि शरणप्पा नाक सोडून दोन्ही हात जोडून बसले होते. कशीबशी सडकेला टेकले. सांजच्याला दवाखान्यात मुलगी झाली.

बाळाला थोडं बाळसं आल्यावर अंबिका तिला घेऊन आली. मला हळदकुंकू लावलं, लेकीला, शिवांगीला, माझ्यात निजवलं. पोरीनं लगेच धार सोडली.

"आगं, असं करतेत व्हय?" अंबिका ओशाळली.

एवढ्या लाटा अंगावर घेतल्याच्या गमजा मारणारी मी, तेवढ्याशा ओलाव्यानं आतपर्यंत भिजले. आता एकच मागणं आहे, माणसांनो. फळ्या बदला, डांबर फासा, काय हवं ते करा. पण मला इथून हलवू नका.