भुशातला कडुलिंब

सन दोन हजार पंचवीस, फेब्रुवारीची सतरा तारीख, सोमवार, सकाळचे साडेदहा. स्थळ, परभणी शहरातील एका महाविद्यालयाची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा. परिचर ईश्वरअप्पांच्या सेवानिवृत्तीस अकरा दिवस उरले होते, आणि संशोधक विद्यार्थिनी ऋतुजाच्या हातातील काचबशीत सलग तिसऱ्यांदा काहीही घडले नव्हते.

"दूध जसंच्या तसं आहे, अप्पा. जंतू वाढेचनात."

सोयाबीनचा भुसा ओलवून, वाफवून त्यात जिवाणू पेरायचे. ते वाढले की दुधारक्ताचे डाग विरघळवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होते. त्याचा थेंब दूध घातलेल्या काचबशीवर ठेवला, तर भोवती पारदर्शक कडे उमटावे. विकतच्या गव्हाच्या कोंड्यावर ते निमूट उमटे. पण खळ्यावर उडून जाणाऱ्या भुशावर ते उमटवून दाखवणे हाच तर ऋतुजाचा प्रबंध होता. या खेपेस न साधल्यास भुसा सोडायचा, असे तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावले होते.

तोच दारातून आवाज आला. "कुठाय त्यो आमच्या भुशाला नावं ठिवनारा?"

भुसा दिवाळीत दिला होता तो पिंगळी गावच्या कोंडाबाईने. अप्पांनी फोनवर भुशाविषयी नुसती शंका काढली, तर बाई त्याच ढिगातले दुसरे पोते कमरेवर घेऊन रेल्वेने दाखल झाली होती.

"माझ्या शेरड्या ह्योच भुसा खाऊन उड्या मारायल्यात, अन् तुमच्या किड्यायला गोड लागंना व्हय? लय लाडाचे किडे हायेत!"

तिने दिवाळीतला भुसा ठेवलेल्या पिंपाचे झाकण काढले, तळापर्यंत हात घातला, मूठ हुंगली आणि दोन बोटांत एक वाळकी काडी उचलली. काडीला अर्धे पान शिल्लक होते. बाकीच्या पानांचा चुरा भुशात केव्हाच मिसळून गेला होता.

"ह्यो लिंबाचा पाला कुनी घातला?"

"कडुलिंब?" ऋतुजा चमकली. "मावशी, तुमच्या खळ्यावरूनच आला असेल."

"खळ्याच्या आसपास लिंबाचं झाडच न्हाई, बाई."

एकतीस वर्षांत अप्पांच्या हातून एका परीक्षानळीचीही चिठ्ठी बदललेली नव्हती. आता बोलावे तर निरोपाच्या दिवशी विभाग हसणार. न बोलावे तर भुसा कायमचा नापास होणार. चूक अज्ञानाने होते किंवा आळसाने, असे मानण्याची रीत आहे. ही तिसऱ्याच कारणाने झाली होती. घरी त्यांच्या पत्नी चन्नबसम्मा धान्याच्या प्रत्येक कोठीत पाला घालीत. जे जपायचे त्यात पाला घालायचा, हे अप्पांच्या हाताला कोणाला विचारावे लागत नसे.

"मीच घातला," ते म्हणाले. कपाळावरचे भस्म घामाने ओलावले होते. "दिवाळीतच. किडे लागू नयेत म्हनून."

"अप्पा! आपल्याला किडेच तर लावायचेत!"

ऋतुजा टेबलाचा आधार घेऊन हसू लागली, कोंडाबाईने पदर तोंडाला लावला, आणि अखेर अप्पांनाही हसू आवरेना.

नवा भुसा त्यांनी स्वतः चाळला, काडी न् काडी पाहिली. गुरुवारी काचबशी उजेडासमोर धरली, तेव्हा थेंबाभोवती रुपयाएवढे निर्मळ कडे उमटले होते. त्यांनी ते पट्टीने दोनदा मोजले. मग नोंदवही ओढून आधीच्या तिन्ही अपयशांखाली सुवाच्य अक्षरांत लिहिले : 'कारण : कडुलिंबाचा पाला. घालणारा : ईश्वरअप्पा, परिचर.'

"नाव कशाला लिहिता, अप्पा? राहू द्या ना."

"लिहावं लागतंय, बाळ. न्हाई तर आळ भुशावर ऱ्हातो."

रिकामे पोते परत न्यायला आलेल्या कोंडाबाईने काचबशीतून खिडकीबाहेर पाहिले, कड्यातून पलीकडचे स्वच्छ दिसते याची खात्री केली आणि पोत्याची घडी काखेत मारली.

"भुशात खोट नव्हतीच, अप्पा," ती म्हणाली. "तुमची मायाच लय झाली."