उंदरामागचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. उजवा. डावाही आहे, पण तो कशात पडत नाही.

ज्यांचा मी आहे, त्या मावशी बाहुल्यांचे खेळ करतात. बुटक्या पडद्यामागे गुडघ्यांवर बसून, हात वर करून त्या उंदीर चालवतात. टाळ्या उंदराला मिळतात, भार मी उचलतो. तक्रार नाही.

एका खेळात मात्र घोटाळा झाला. झोपलेल्या मांजरासमोरून उंदीर चोरपावलांनी निघाला होता. सगळी मुलं श्वास रोखून बसली होती. मावशी अलगद उठू लागल्या आणि मी वाजलो. कट्ट.

पहिल्या रांगेतून काळजीचा सूर आला, "उंदराचं हाड मोडलं का?"

मांजर मास्तरांच्या हातात असतं, आणि सगळा खेळही. पडदा पडल्यावर ते म्हणाले, "ताई, पुन्हा आवाज आला तर उंदीर माझ्या भाचीकडे."

भाचीचे गुडघे कोरे करकरीत होते.

धास्तीने मावशींनी मला वाकवणंच सोडलं. मी आणखी आखडलो. मावशींच्या यजमानांनी दाराच्या बिजागरीचं तेल सुचवलं. दार गप्प झालं होतं म्हणे. मावशींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तेही गप्प झाले.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला दाबून, वाकवून पाहिलं. दुखत नव्हतं, सूज नव्हती. त्या म्हणाल्या, सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला की आतला दाब घटतो, बुडबुडा तयार होतो आणि आवाज येतो. कधी स्नायूची दोरी हाडावरून सटकते, तेव्हाही येतो. बुडबुड्याचा आवाज एकदा येऊन गेला की काही वेळ पुन्हा येत नाही.

हे शेवटचं वाक्य मावशी घरापर्यंत जपून घेऊन आल्या. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवरून ऊठबस सुरू झाली. मांडीत बळ आलं, मी सैलावलो.

पुढच्या खेळात उंदराच्या आधी वादळ होतं. ढोलाच्या गोंगाटात मावशींनी मला पुरतं वाकवलं. मी मनसोक्त वाजून घेतलं. मग शांतता झाली आणि उंदीर निघाला. माझा आवाज टिपायला मास्तर कान देऊन हळूच वाकले.

कट्ट.

मी नव्हतो.

खेळ संपल्यावर मावशींनी उंदराची घडी घालत विचारलं, "मास्तर, मांजर कुणाकडे द्यायचं?"

मित्रांनो, आम्ही दुखलो, सुजलो, अडकलो तर जरूर दाखवून घ्या. नुसते वाजलो तर कामाला लावा, पण घरी बसवू नका.

उंदीर अजून आमच्याकडेच आहे.