कँडल बंद होण्याआधी

आलेखावरची कँडल, म्हणजे दिवसभराच्या भावाची उभी पट्टी, बंद झाल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये, हा शेअर बाजाराचा साधा नियम मला तोंडपाठ आहे. खाणीवरचा ट्रक विकल्यापासून दोन वर्षं मोबाईलवर मी हेच तर शिकतोय. तरीही त्या दिवशी मी माती खाल्ली.

दुपारी तीनला मुळगावच्या देवळात गुरव पांडुरंगने प्रसाद लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझी बायको गौरवी विचारत होती, धारगळचा हायवेवरचा गाळा खाणावळीसाठी घेऊ का? ट्रकच्या पैशांतले निम्मे मी आधीच एका शेअरमध्ये अडकवले होते, ते तिला ठाऊक होतं. उरलेले चार लाख उद्या गाळेवाल्याला द्यायचे होते. तेही मी सकाळीच, असू देत म्हणून, शेअरच्या खात्यात टाकले होते. ते तिला ठाऊक नव्हतं.

तो शेअर सहा दिवस पडत होता. सहाही कँडल लाल. आणि आज हातोडा नावाची कँडल तयार होत होती, वर आखूड अंग आणि खाली लांब शेपूट. म्हणजे विकणाऱ्यांनी भाव खाली रेटला, पण घेणाऱ्यांनी तो परत वर ओढला. पडझड संपल्याची खूण! पण साडेतीनला बाजार बंद होईपर्यंत ती कच्चीच. खरं तर उद्याची हिरवी कँडल बघावी, मग घ्यावं. पण उद्या पैसे कुठले? ते गाळ्यात जाणार.

पाकळ्या हलेनात. माझा पाय एकसारखा हलत होता. तीन दहा. तीन पंधरा.

"मोबायल बोल्सांत घाल रे रुद्रेश," पांडुरंग म्हणाला. "राव मातसो. देव दितलो."

थांब जरा, म्हणे! मी तो खिशात घातला आणि लगेच बाहेर काढला. एवढा वेळ पाकळी पडत नाही, म्हणजे देवाच्या मनात गाळा नाहीच, असं मी ठरवून टाकलं. देवाचं उत्तर मीच देऊन मोकळा झालो. तीन सतराला चारही लाखांचे शेअर घेतले.

तीन बावीसला उजवी पाकळी पडली.

"उजवो दिलो! देवान उजवो दिलो!" गौरवीला रडूच फुटलं. तिने तिथूनच गाळेवाल्याला फोन लावला, उद्या नऊला पैसे घेऊन येतो म्हणाली. मला तिला थांबवायचं होतं, पण डोळे मोबाईलवरून हलत नव्हते. भाव घसरत पार तळाला गेला. साडेतीनला शेपूट उरलीच नाही. सातवी लाल कँडल, अख्खी. आता उद्या तोट्यात विकले तरी पैसे उद्याच्या उद्या हातात येणार नव्हते.

"गौरवी, पैसे नाहीत," मी म्हटलं. "शेअर घेतले."

किती गेले, ते तिने विचारलंच नाही.

"केन्ना?"

"आत्ताच. पाकळी पडायच्या आधी."

"म्हणजे हांगाच, देवळांत?" ती म्हणाली. "मी देवाक हात जोडून बसल्यां, आनी तुमी म्हज्या बगलेक बसून?"