दुसरी तार

नवं घर बांधायला सोमवारी माहेरच्या घरावरचे पत्रे उतरणार होते, म्हणून वैजयंती रविवारीच धुळ्याहून अमळनेरला आली. मांडीवर पर्स आणि पायाशी पिशवीत बॅटरी. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं सांभाळणाऱ्या बाईच्या पिशवीत बॅटरी कशाला, असं कंडक्टरने विचारलं असतं तर तिला नीट सांगता आलं नसतं. आबांनी केलेले दिवे पत्रे उतरायच्या आत एकदा लागलेले बघायचे होते, एवढंच.

आबा म्हणजे तिचे वडील, पितांबर इलेक्ट्रिशियन. उभा जन्म एसटीच्या डेपोत गाड्यांचे दिवे, हॉर्न आणि वायपर दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले. तुपाच्या डब्यांची झाकणं, पावडरचे डबे, जुन्या टॉर्चचे आरसे असं काहीबाही जमवून त्यात त्यांनी एलईडीच्या पट्ट्यांचे तुकडे बसवले आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे दिवे केले. ओट्यावर एक, चुलीपाशी एक, मोरीत एक, खाटेजवळ एक. लाइट गेली की गल्ली अंधारात बुडायची आणि यांच्याच खिडक्यांतून मऊ पिवळा उजेड बाहेर यायचा. इन्व्हर्टर घेऊ म्हटलं की आबा म्हणायचे, "त्याचा पंखा गुरगुरतो. माझा दिवा बोलत नाही."

आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. दिवेही बंद होते.

"ते गेल्याबरोबर बंद पडले?" तिने आईला विचारलं.

"नई व. दोन-तीन महिना लागेत ना. मंग भिकननी पोरीना साखरपुडा व्हता, त्यानी बठ्ठं घर रंगाडं. तवयपासून नई." कमलबाई लसूण सोलता सोलता थांबली. "मी म्हटलं, त्या गयात, त्यास्ना मांगे दिवाबी गयात. कोणले काय सांगो?"

वैजयंतीने जुनी बॅटरी काढून नवी लावली. ओट्यावरचं बटण दाबलं. काही नाही. चुलीपाशी, मोरीत, खाटेजवळ, कुठेच काही नाही. तिने झाकणाचा दिवा खाली काढला, वायरचे दोन तुकडे घेऊन सरळ बॅटरीशी जोडला. भक्कन लागला. म्हणजे दिवा जिवंत होता.

मग ती वायर शोधत निघाली. प्रत्येक दिव्याला एकच लाल वायर येत होती. एक जाते तर एक परत यायला नको? शाळेत शिकलेलं एवढं तरी तिला आठवत होतं. रंगाऱ्याने दुसरी उपटून टाकली असेल. ती स्टुलावर चढून आढ्यापर्यंत हात फिरवत राहिली.

धाकटा भाऊ भिकन दुकानातून आला तेव्हा तिच्या केसांत जळमटं होती.

"अक्का, वायरमननी परीक्षा देवाले वनी का तू?"

"दुसरी वायर कुठे गेली रे?"

"व्हती का पण ती? आबानी काटकसर तुले माहीत नई का? एकाच वायरमा घर उजळाडं व्हई." तो हसला, मग तिच्याकडे बघून हसायचं थांबला. "अक्का, उद्या सकाळी वेल्डर येणार आहे. अँगल, पत्रे, सगळं जाणार. आज दिवा लागला काय अन् नाही लागला काय."

"मला लागलेला बघायचा आहे."

"नव्या घरात मी चांगले लाइट लावतो ना. तुला पाहिजे तेवढे."

तो चहा मागायला आत गेला.

ती बॅटरीच्या फळीपाशी खाली बसली. लाल वायर पाहून झाली होती. आता काळीकडे लक्ष गेलं. अंगठ्याएवढी जाड, गाडीतून काढलेली असावी तशी. ती कुठल्याच दिव्याकडे जात नव्हती. वीतभर जाऊन ओसरीच्या लोखंडी खांबाला बोल्टने आवळलेली होती, आणि बस्स. वायरचा बोटभर तुकडाही जपून ठेवणारा माणूस एवढी जाड केबल खांबाला कशासाठी बांधेल?

बराच वेळ ती त्या बोल्टकडे बघत होती. मग तिला डेपो दिसला. डबा पोहोचवायला गेलेली परकरातली ती, आणि उघड्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेले आबा. आतूनच ओरडत होते, "अरे, बॉडी मार, बॉडी!" घरी येताना तिने विचारलं होतं, कोणाला मारायला सांगत होता? तेव्हा त्यांनी समजावलं होतं. गाडीत दिव्याकडे एकच वायर जाते. परत यायला गाडीचा पत्रा असतो ना. सगळी बॉडीच वायर.

तिने मान वर केली. खांब, खांबावर अँगल, अँगलवर पत्रे. प्रत्येक दिव्याचं झाकण नटबोल्टने अँगलला थेट चिकटवलेलं. आबांनी घराची एसटी केली होती. आणि रंगाऱ्याने दिवे उतरवून लोखंडाला ऑइलपेंटचे दोन हात मारले होते आणि दिवे परत त्याच रंगावर आवळले होते. रंगातून करंट परत येणार कसा?

"भिकन, काचपेपर आहे का?"

"आता काय घर घासणार?"

"हो."

खांबाच्या बोल्टखालचा रंग तिने खरवडून काढला. निळ्याखाली लाल, लालखाली लोखंड चकाकलं. मग ओट्यावरचा अँगल. नख मोडलं, तोंडावर निळी भुकटी बसली. बोल्ट आवळला आणि दिवा एकदा मिणमिणला, गेला, आणि मग नीट लागला. ती स्टूल उचलून चुलीकडे गेली. मागोमाग भिकन आला, म्हणाला, "सरक, तुझा हात पुरत नाही," आणि वरचा अँगल घासायला लागला. खाटेजवळचा दिवा लावेपर्यंत बाहेर दिवेलागण झाली होती आणि कमलबाईने चुलीकडची ट्यूबलाइट लावली होती.

त्याचा झोत मात्र खाटेवर पडला नाही. उजेडाचं गोल ताट खाटेच्या बाजूला, दाराजवळच्या भिंतीशी पडलं. वैजयंती माहेरी आली की तिथेच पाठ टेकून पुस्तक घेऊन बसायची.

"माय," ती हळूच म्हणाली, "आबांनी हा दिवा इकडे का लावला गं?"

कमलबाईने वर पाहिलं. "अँगलच तठे शे. मंग दुसरीकडे कोठे लावतीन त्या?"

वैजयंती हसली. हसताना डोळे भरले, ते तिने पदराने नाही, निळ्या हातानेच पुसले. माणूस गेल्यावर त्याच्या प्रत्येक खिळ्यात आपल्यासाठी निरोप शोधायची सवय लागते. आबांनी निरोप ठेवला नव्हता. त्यांनी लोखंड जिथे होतं तिथे दिवा लावला होता, आणि उजेड पडायचा तिथे पडला होता. आणि तरीही ती उठली आणि त्या उजेडात जाऊन बसली. भिंत गार होती. खाट रिकामी होती. तिला वाटलं होतं, दिवे लागले की घर भरल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. उलट आबा नाहीत हे त्या मऊ उजेडात कधी नव्हे इतकं स्वच्छ दिसत होतं. आणि ते बघत बसावंसं वाटत होतं.

"तुना केस कितला पिकनात व वैजू," कमलबाई म्हणाली.

"वय झालं माय."

"मना पुढे वय सांगस?"

भिकन हात धुऊन आला. दारात उभा राहून तो चारी दिव्यांकडे बघत होता. "नव्या घरात लावायचे असले तर दुसरी तार ओढावी लागेल," तो म्हणाला. "स्लॅबमधून करंट परत येणार नाही."

"माहीत आहे."

"मग? ओढू?"

तिने अँगलकडे पाहिलं. रंग खरवडलेल्या जागी लोखंड ओलं असल्यासारखं चमकत होतं.

"ओढ," ती म्हणाली. "पण वेल्डर यायच्या आधी दिवे मी उतरवणार. तू हात लावायचा नाहीस."

"बरं."

भिकनची बायको-पोरं सामानासह भाड्याच्या खोलीत गेली होती; कमलबाईने ताटं मांडली, तिघांची. भिकन बसायला वाकला, मग पुन्हा सरळ झाला. भिंतीपाशी गेला आणि त्याने ट्यूबलाइटचं बटण बंद केलं.