कानातली पाहुणी

बाळंतपणात तिच्या कानात जो आवाज येऊन बसला, तो सात महिने झाले तरी उठायचं नाव घेईना. बारीक, शिट्टीसारखा, अखंड. शेवटी धाकट्या बहिणीने तिला एक अ‍ॅप दिलं. ते बनवणाऱ्या कंपनीतच बहीण चित्रं काढायची. त्यात आवाजाला नाव द्यायचं, रोज सकाळी त्याच्या चित्राला नवी टोपी घालायची, चिडवायचं आणि गोष्टीचं एक कार्ड वाचायचं. हिने नाव ठेवलं पाहुणी. नवराही हौसेने खेळायचा. "काय, पाहुणीबाई आज कितपत फुगल्यात?" ती हसायची, आणि तेवढ्यापुरता आवाज खरंच मागे सरायचा.

त्या दिवशी कार्ड त्याने वाचलं. बाळ तिच्या मांडीवर होतं.

"एक आई सांगते. मी शेजारच्या खोलीत घड्या घालत होते. कानातल्या शिट्टीत बाळाचं रडणं मला ऐकूच आलं नाही. जाऊन बघते तर ते पलंगावरून खाली पडलेलं. किती वेळ, कोण जाणे. पण घरी सांगितलं, माझ्या डोळ्यांदेखत कुशीवर वळलं आणि पडलं." तो थांबला. वर चित्र होतं. पलंग त्यांचाच होता, मागचं निळं कपाटसुद्धा.

बाळाला कडेवर घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि बहिणीला फोन लावला.

"तुला एकटीला सांगितलं होतं मी."

"ताई, नाव कुठे घातलंय? आणि कार्डाखाली किती आयांनी लिहिलंय बघ, आमचंही असंच झालं म्हणून."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे ती अगदी सहज बोलली. फोन ठेवून ही बाहेर आली. नवरा तसाच उभा होता.

"डॉक्टरांना मीच सांगितलं होतं ना," तो म्हणाला, "बाळ तिच्या समोरच पडलं म्हणून. शपथेवर सांगितल्यासारखं."

"खरं कळलं असतं तर तू बाळ माझ्याजवळ ठेवलं नसतंस, या भीतीने..."

त्याने हात पुढे केले. बाळ हसत त्याच्याकडे झेपावलं.

"तू आवर तुझं," तो हळूच म्हणाला. "रडलं तर मी बघतो."

तो चिडला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.