पॅनेलवरची हळद

ठाण्याच्या मिठागरांतले जिवाणू उल्हासतीर विद्यापीठाच्या शीतकपाटात गोठवून ठेवलेले होते. ती मिठागरे आता नाहीत. तिथे इमारती आहेत. दसऱ्याच्या सुट्टीनंतर संशोधक अक्षदा विद्यापीठाच्या मोहने गावातल्या आवारात परतली तेव्हा कपाट बंद पडलेले होते आणि नळ्यांना वास येत होता.

ते कपाट केवळ सौर बॅटरीवर चालत असे. बॅटरी रिकामी का झाली, हे शोधण्याचे काम ऊर्जा समितीच्या प्रमुख डॉ. जया ठोसर यांच्याकडे आले. कारण तर सगळ्यांना ठाऊकच होते. खंडेनवमीला वायरमन काळुराम याने पक्कड-टेस्टरबरोबर गच्चीवरच्या पॅनेलांचीही पूजा केली होती. पहिल्या ओळीतल्या एका पॅनेलवर हळदकुंकवाचे पट्टे आणि झेंडूची माळ. एक पॅनेल झाकले की ती ओळ मंदावते, हे जयाबाई स्वतःच वर्गात शिकवत.

संचालकांनी वाक्यही तयार ठेवले होते. "अंधश्रद्धेने विज्ञानाचा घात केला, एवढं लिहा, मॅडम. माणूस कंत्राटी आहे. उद्यापासून येणार नाही."

ते कारण जयाबाईंच्या मनासारखे होते. नेमक्या त्यामुळेच त्यांना त्याची शंका आली.

"मोजल्याशिवाय लिहिणार नाही," त्या म्हणाल्या.

चौकशीच्या दिवशी सकाळी त्यांनी काळुरामला गच्चीवर बोलावले. "पूजा होती तशी पुन्हा मांडा."

"खोटी पूजा नाय करायचो मी, मॅडम. नोकरी गेली तरी नाय."

"मग सामान द्या."

घरी देवासमोर कधी दिवाही न लावणाऱ्या जयाबाई वाकून पॅनेलवर हळद फासू लागल्या. काळुराम पाहत राहिला. न राहवून म्हणाला, "एवढी तर नवरदेवाला पण नाय लावत. मी एवढी लावलेलीच नव्हती."

"मुद्दाम जास्त लावतेय. नंतर कोणाला शंका नको."

ऊन कडक होते. खाली मीटरजवळ बसलेली अक्षदा फोनवर आकडे सांगत होती. भरण्याचा वेग थोडा घटला. पण कपाट चालू असूनही बॅटरी भरतच होती. दुपारी मात्र तिचा आवाज बदलला. "मॅडम, उतरतेय. झपाट्याने उतरतेय."

गच्चीवर काहीच बदलले नव्हते. जयाबाई जिना उतरून नव्या सभागृहात गेल्या. चौकशीची बैठक तिथेच भरणार होती, आणि संचालकांनी नुकताच एसी सुरू करायला सांगितला होता. सुट्टीपूर्वीच्या उद्घाटनात पाहुण्यांना 'सूर्यावर चालणारे सभागृह' दाखवायचे म्हणून त्यांनीच तो बाहेरच्या माणसाकडून त्या बॅटरीला जोडून घेतला होता. पाहुणे गेल्यावर सुट्टीभर तो कोणी बंद केला नव्हता. ऊन फुकटच होते.

"एसी बंद करा," जयाबाई म्हणाल्या.

"उकडेल, मॅडम."

"उकडू दे."

एसी थांबला. थोड्याच वेळात अक्षदाने दारातून सांगितले, "पुन्हा भरतेय." जयाबाईंनी बोटांची हळद न पुसताच अहवालावर सही केली. त्यात काळुरामचे नाव नव्हते.

संध्याकाळी काळुराम ओल्या फडक्याने पॅनेल पुसत होता. "पुढच्या वर्षी काय करू, मॅडम?"

"पूजा इन्व्हर्टरची करा. त्याला ऊन लागत नाही."

तो हसला. खाली अक्षदाने नळ्या टाकून दिल्या होत्या. रिकामे कपाट व्यवस्थित गार होत होते.