सेंच्युरियनची दुरुस्ती

"मॅडम, हा पॅटन न्हाय. खाली नाव चुकलंय."

अपेक्षाने मागे वळून पाहिलं. गेटवर बॅगा तपासणारे सोनबा पारखी तिच्या हातातल्या रणगाड्याच्या छापील चित्राकडे बोट दाखवत होते.

"मग काय आहे?"

"सेंच्युरियन. आपल्याकडचा. पॅटन पाकिस्तानचा. त्याचा टरेट, म्हंजी वरचा फिरता घुमट, कासवाच्या पाठीवानी गोल. ह्याच्या चाकांवर बगा, लोखंडी झालर हाय."

दोन हजार चार साल होतं. हिंजवडीतल्या त्या कंपनीत एका परदेशी गिऱ्हाइकासाठी रणगाड्यांच्या लढाईचा कॉम्प्युटर गेम बनत होता. अपेक्षाला अमरावतीहून येऊन दोन वर्षं झाली होती. प्रत्येक रणगाड्याला आकडे लावणं हे तिचं काम होतं. वेग किती, चिलखत किती जाड, तोफेचा पल्ला किती. आकडे इंटरनेटवर मिळत, पण दोन ठिकाणी दोन वेगळे मिळत.

सोनबा सैन्याची वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. जवळच्या माण गावाहून सायकलवर येत, आठ तास उभे राहत, सायकलवरच परत जात. सैन्याविषयी त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून अपेक्षा जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन गेटवरच्या केबिनमध्ये येऊ लागली. सोनबा डबा खाता खाता सांगत. पॅटन पळायला चपळ, त्याच्यात अंतर मोजायचं भारी यंत्र. पण यंत्र जितकं भारी तितकं शिकायला अवघड, आणि लढाईत शिकायला वेळ नसतो. सेंच्युरियन जड, चालायला संथ, पेट्रोल पिण्यात राक्षस. पण चिलखत दणकट, आणि चालत्या गाडीतही तोफ निशाण्यावर धरून ठेवायची सोय. "शेतातनं उठून आलेलं पोरगंबी चार म्हैन्यात नेम धराय शिकायचं," सोनबा म्हणाले. अपेक्षाने ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. मग खोडलं, कारण त्याचा आकडा होत नव्हता.

आठवडाभराने तिने विचारलं, "काका, टँकला गोळा लागला तर रिपेअरला किती वेळ लागतो? गेममध्ये एक बटन आहे. ते दाबलं की टँक परत रेडी."

"काय मोडलंय त्यावर हाय."

"एक अ‍ॅव्हरेज सांगा ना. तुम्ही स्वतः केलेलं एखादं."

सोनबांनी डब्याचं झाकण लावलं.

"दीड दिवस."

"एवढा? इंजिन गेलं होतं का?"

"इंजिन शाबूत. तोफ शाबूत. टरेटच्या बुडाला एक भोक पडलं हुतं, मुठीएवढं. ते वेल्डिंगनं बुजवाय चार-पाच तास लागलं."

"मग बाकीचा वेळ?"

"धुवायला," सोनबा म्हणाले. "आन रंगवायला."

अपेक्षाचं पेन वहीवर थांबलं.

"एकाहत्तरच्या लढाईची गोष्ट. शकरगडचा भाग, डिसेंबर. बाहेरनं बगितलं तर गाडीला काय झालंय कळत न्हवतं. आत चौघं हुते. गोळा आत शिरला की बाहेर पडत न्हाय, आतल्या आत फिरतो. आमी चौघांना काढलं. मग मी आन अजून एकजण बादल्या घेऊन आत बसलो. ओढ्याचं पानी, लई गार. टँकच्या आत पांढरा रंग असतो, उजेड रहावा म्हनून. धुऊन निघंना, तवा साहेब म्हनाले, रंग मारा. गाडी उद्या पायजे."

"आणि दिली?"

"दुसऱ्या दिवशी सांजच्याला नवीन चौघं आले. त्यात डायवर एक मराठी पोरगा हुता, भैरू जगदाळे, साताऱ्याकडचा. आत उतरायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हनला, दादा, आधीची मानसं सुटली ना? मी म्हनलो, सुटली. चौघंबी. दवाखान्यात हायेत."

केबिनबाहेर कंपनीची बस उभी राहिली. सोनबा उठले, आडवा दांडा वर केला, बस आत घेतली आणि परत येऊन बसले.

"गाडी तिथनं पुढं दोन दिवस चांगली चालली," ते म्हणाले. "तिनं दोन पॅटन मारले. तिसऱ्या दिवशी सुरुंगावर गेली. तिघं वाचले. त्यात भैरूबी, पन तो कमरंखाली लुळा झाला."

"आत्ता कुठे आहेत ते?"

"खडकीला. जखमी जवानांचं केंद्र हाय तिथं. खुर्चीत असतो. म्हैन्यातनं एकदा जातो मी."

"त्यांना तुम्ही कधी सांगितलं नाही?"

"न्हाय."

"तेहतीस वर्षं?"

अपेक्षाने वही मिटली. थोड्या वेळाने ती अवघडून म्हणाली, "काका, क्लायंटला दहा सेकंद हवेत. जास्त झालं तर खेळणारा बोअर होतो म्हणे."

"मग धाच टाका," सोनबा म्हणाले. "त्यात तुमची काय चूक?"

तिने दहा टाकले. पण त्या संध्याकाळी बसमध्ये चढताना ती मुद्दाम गेटपाशी थांबली. "काका, मी भैरूंच्या जागी असते तर मला खरं कळावंसं वाटलं असतं," एवढंच बोलून ती गेली.

पुढच्या रविवारी सोनबा खडकीला गेले. महिना अजून भरला नव्हता. नेहमीसारखी त्यांनी बरोबर ठेच्याची बाटली घेतली. भैरू बागेत खुर्ची लावून, शर्टाच्या बाह्या वर सारून उन्हात बसला होता. केस पांढरे, खांदे मात्र अजून पैलवानासारखे.

"आज मधीच कसं काय?" भैरूने विचारलं. "घरी समदं ठीक हाय न्हवं?"

"ठीक हाय."

सोनबा बाकावर बसले. पावसाचं, नातवाच्या शाळेचं थोडं बोलणं झालं. मग ते पायाकडे बघत म्हणाले, "भैरू, शकरगडला तू मला एक इचारलं हुतं. गाडीत बसायच्या आधी."

भैरूने खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

"मी खोटं बोललो. चौघंबी गेलं हुतं. मीच बाहेर काढलं." सोनबांनी ठेच्याची बाटली बाकावर ठेवली. "खरं सांगितलं असतं तर तू चढला नसता. आज तू पायावर हिंडत असता."

भैरूने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला आणि त्याची घडी घातली.

"चढलो असतो," तो म्हणाला. "हुकूम हुता. आन मला ठावं हुतं, दादा."

सोनबांनी वर पाहिलं.

"रंग ओला हुता. थंडीत वाळला न्हवता. माझा सगळा डावा हात पांढरा झाला. लढाईच्या मधीच कोन गाडी रंगवतंय?"

"मग तू बोलला का न्हाईस? इतकी वर्सं येतोय मी."

"तुला बरं वाटत हुतं, म्हनलं ऱ्हाऊ दे." बागेच्या कडेने दोघं जण खुर्च्या ढकलत जेवणघराकडे निघाले होते. घंटा झाली. भैरू हलला नाही.

"तुला त्यांची नावं म्हाईत हायेत?" त्याने विचारलं.

सोनबांना माहीत होती. त्यांनी एकेक करून सांगितली. आधी कमांडर, मग तोफ चालवणारा, मग गोळे भरणारा. भैरू प्रत्येक नावाला मान हलवत होता.

"आन डायवर?"

"मच्छिंद्र. नगरकडचा. पोरसवदाच हुता."

"उंच हुता का रं?"

"व्हय. चांगला सहा फूट. तुला कसं कळलं?"

"बसलो तवा सीट लई मागं हुती," भैरू म्हणाला. "माझं पाय पेडलला पुरंनात. म्हनून एक घर पुढं वढून घ्यावी लागली."